एकोणीस तारखेचा पंचनामा

धुळे, ६ एप्रिल १९८७

ती. भाऊ,

घरात खटल्याचं बोलायचं नाही हा आपला ठराव मी आज मोडतोय. तुझ्या पोलीस ठाण्याच्या फोनवर हे विचारता येत नाही, आणि मी स्वतः तुझ्या ठाण्यावर आलो तर तुझ्याच माणसांना विषय होईल. म्हणून पत्र.

कापसाच्या जिनिंगमधल्या मुनिमाच्या खुनाचं आरोपपत्र माझ्या हातात आलं. हिलालचं वकीलपत्र घेतलं तेव्हा तपास तुझ्याकडे आहे हे मला माहीत होतं. आपल्याला त्यात नवीन काही नाही. फौजदारानं पकडायचं, वकिलानं सोडवायचं आणि आखाजीच्या सणाला दोघा भावांनी शेजारी बसून जेवायचं, असंच आपलं चाललंय.

केस म्हटली तर साधी आहे. रतिलाल मुनीम संक्रांतीच्या दिवशी जिनच्या आवारात मेलेला सापडला, डोक्यात पहारीचा घाव. हिलाल तिथला हमाल. आदल्या दिवशी वजनकाट्यावर त्याचं आणि मुनिमाचं भांडण झालं, ते सगळ्या हमालांनी पाहिलं. नुसत्या भांडणावर कोणाला जन्मठेप होत नाही. सगळा खटला उभा आहे तो पहारीवर. हिलालनं स्वतः पोलिसांना घरामागे नेलं आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखालून पहार काढून दिली, असा पंचनामा आहे. तो तू केलास. खाली तुझी सही आहे. तारीख एकोणीस जानेवारी, वेळ सकाळी अकरा.

भाऊ, एकोणीस जानेवारीला मायचं दहावं होतं.

त्या सकाळी तू आणि मी एरंडोलला अंजनी नदीच्या काठावर न्हाव्यासमोर बसलो होतो. तू रजा टाकली नव्हतीस. पिंडाला कावळा शिवला तसा तू जेवायलाही न थांबता निघालास, त्यावरून वहिनी रडली होती. माझ्या लक्षात आहे सगळं.

लेखनिकानं तारीख चुकवली असेल. तसं असेल तर कळव. मी ते कोर्टात कसं मांडायचं ते बघतो, तुझ्यावर येणार नाही असं.

तुझा
अभिमन


धुळे, २८ एप्रिल १९८७

ती. भाऊ,

परवा स्टँडवर भेटलास, बरं झालं. चहा गार होईपर्यंत तू बोललास, आता माझे हे चार शब्द.

तुझं म्हणणं मला पटलं. पहार तिथूनच निघाली. उखर्डू हवालदारानं काढली, पंच हजर होते, फक्त साहेबाची सही लागते म्हणून तू संध्याकाळी ठाण्यात पोचल्यावर केलीस. ठाणं वाऱ्यावर सोडून, रजा न टाकता आईच्या दहाव्याला गेलो, हे कोणी कागदावर आणतं का? त्यात तुझ्या लेकीचं, सुनंदाचं, लग्न ठरत आलंय. अशा वेळी खात्याची चौकशी मागे लागली तर मुलाकडच्यांच्या कानावर जायला वेळ लागणार नाही. मला कळतं.

"तो खुनी शे, अभिमन," तू म्हणालास. "मी हाईच काम करत ऱ्हास. तू तुन्हं काम कर. फक्त मायनं दहावं कोर्टमा आणू नको."

नाही आणणार. माझ्याजवळ दुसरे मुद्दे आहेत. दोन्ही पंच तुमच्या ठाण्याचे नेहमीचे आहेत, भांडणाच्या साक्षीत विसंगती आहे. त्यावर माणूस सुटू शकतो.

हिलालला काल जेलमध्ये भेटून आलो. तो काहीबाही सांगतो. आरोपी सांगतातच.

वहिनीला नमस्कार. पत्रिका छापायच्या असतील तर इथल्या छापखान्यात सांगून ठेवतो.

तुझा
अभिमन


धुळे, ११ डिसेंबर १९८७

ती. भाऊ,

काल रात्री तू गेल्यावर हिनं विचारलं, जेवला का नाहीत. पोटात जळजळतंय म्हणालो. शेवभाजी तशीच राहिली. तुला वाटलं असेल दमलोय. दमलो नव्हतो.

काल तुला मी जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो. सरकारी वकिलांनी सरतपासात विचारलं, "पंचनाम्याच्या वेळी आपण स्वतः हजर होता?" तू म्हणालास, "होतो." शपथेवर. आवाज हलला नाही. मग मी उभा राहिलो. जिनपासून हिलालच्या घरापर्यंत किती अंतर आहे ते विचारलं. पंच याआधी किती खटल्यांत होते ते विचारलं. पहारीला लागलेलं रक्त कोणाला आधी दिसलं ते विचारलं. तू सगळ्याची उत्तरं दिलीस, जमतील तशी. कोर्टातल्यांना वाटलं असेल, भाऊ भावाला सोडत नाही.

एक प्रश्न राहिला. तो माझ्या तोंडात येऊन बसला होता. हिलाल आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होता, तुझ्याकडे नाही. न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "आणखी काही, मिस्टर बडगुजर?"

मी म्हणालो, "काही नाही."

रात्री तू आलास आणि हिच्यासमोर म्हणालास, "वकील झाला रे तू. पंचांवर मला घामच फुटला." तू मनापासून बोलत होतास. वडील गेल्यावर मला शिकवलंस तू. जळगावला लॉ कॉलेजात घालताना वहिनीचंही ऐकलं नाहीस. तुझ्या तोंडचं कौतुक मला नेहमी हवंसं वाटायचं. काल ते ऐकून मी उठून मोरीत गेलो आणि उगाच हात धूत राहिलो.

अभिमन


धुळे, ३ फेब्रुवारी १९८८

ती. भाऊ,

निकाल तुला आधीच कळला असेल. जन्मठेप.

न्यायाधीशांनी पंचांवर फारसा विश्वास ठेवला नाही. माझा तो मुद्दा त्यांनी मान्य केला. पण तपास अधिकारी हा जबाबदार अधिकारी आहे, उलटतपासात तो टिकला, आणि पहार आरोपीनंच काढून दिली हे त्याच्या साक्षीवरून सिद्ध होतं, असं लिहिलं. म्हणजे हिलाल गेला तो तुझ्या साक्षीवर, आणि तुझी साक्ष टिकली ती मी टिकू दिली म्हणून.

त्याची बायको कमलबाई बाहेर व्हरांड्यात बसली होती. निकाल इंग्रजीत वाचला, तिला काही समजलं नव्हतं. मला म्हणाली, "वकीलसाहेब, आते कितला दिन?" मी म्हणालो, औरंगाबादला अपील करू. तिनं पुन्हा विचारलं, "कितला दिन?" मी दुसऱ्याच एका पक्षकाराशी बोलायला वळलो.

हिलालला गाडीत चढवत होते. त्यानं पोलिसाला थोडं थांबायला लावलं. रागानं बोलला नाही. म्हणाला, "साहेब, मी तुमले सांगं व्हतं. त्या दिन फौजदार उनाच नही. हवालदारनी मन्हा आंगठा कोरा कागदवर लिधा. तुम्ही त्यास्ले इचारंच नही."

तुला मी लिहिलं होतं ना, तो काहीबाही सांगतो म्हणून. फौजदार आलाच नव्हता, हेच ते काहीबाही. एप्रिलमध्ये जेलच्या जाळीपलीकडून त्यानं मला हे दोनदा सांगितलं होतं, आणि मी मान हलवत लिहून घेतल्यासारखं केलं होतं.

तरी पहार खरीच तिथून निघाली असेल तर तो खुनी आहेच, असं मी स्वतःला सांगतोय. तू तसं म्हणालास. मी त्याला धरून बसलोय.

अपील मीच चालवणार. ते तरी मला करू दे.

अभिमन


औरंगाबाद, १४ सप्टेंबर १९८९

ती. भाऊ,

हायकोर्टाच्या खंडपीठासमोरच्या एका लॉजवरून लिहितोय. हिलालचा जामीन पुन्हा फेटाळला. अपील रांगेत आहे. त्याला आता नाशिकरोडच्या जेलमध्ये हलवलंय. कमलबाईला भेटीला जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात, ती शेतावर सालदारीला जाते तिथून सुट्टी मिळत नाही. वर्षभरात तिला एकदाच जाता आलं.

पण पत्राचं कारण वेगळं आहे.

गेल्या सोमवारी धुळ्याच्या कोर्टाच्या कँटीनमध्ये उखर्डू हवालदार भेटला. आता रिटायर झालाय, भावकीच्या बांधाच्या दाव्यासाठी आला होता. मला पाहून उठला, नमस्कार केला, तुझी चौकशी केली. मी भजी मागवली. तोच बोलता बोलता त्या खटल्यावर आला. म्हणाला, "तुम्ही पंचांना चांगलं लोळवलं होतं, साहेब. पण पहारीचं काही निघालं नाही, वाचलो."

मी म्हणालो, "पहारीचं काय?"

"आता काय, झालं गेलं. पहार मुनिमाच्या बाजूलाच पडली होती. पहिल्याच दिवशी मी ती पोत्यात घालून आणली. मग चार दिवस झाले, तोंड उघडेना हिलाल, वरून फोनवर फोन. साहेब दहाव्याला गेलेले. मी म्हटलं, पऱ्हाट्यांखालून काढली असं दाखवू. पंच आपलेच. साहेब आले, सही केली."

"भाऊला माहीत होतं?"

त्यानं भजी तोंडात घातली आणि खांदे उडवले. "त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

भाऊ, खून कोणी केला ते मला माहीत नाही. हिलालनं केला असेलही. पण त्याच्याविरुद्ध जो एकच पुरावा होता, तो त्याच्या घरामागून कधी निघालाच नाही. अडीच वर्षं मी ज्याला धरून बसलो होतो ते हातातून गेलं.

तुला हे माहीत होतं का? पत्रात लिहू नकोस. भेटून सांग.

अभिमन


धुळे, २ डिसेंबर १९८९

ती. भाऊ,

तू साध्या कपड्यांत ऑफिसात आलास तेव्हा कारकुनानं तुला ओळखलंही नाही, पक्षकार समजून बाकावर बसवलं. तू गुपचूप बसलास. मी आतून पाहिलं आणि तुला लगेच बोलावलं नाही, याची मला लाज वाटते.

तू खोटं बोलला नाहीस. म्हणालास, "मी हवालदारला इचारं नही. मायले जाळीसन नऊ दिन व्हयेल व्हतात, डोकं ठिकाणवर नव्हतं. कागद समोर उना, सही करी." मग म्हणालास, "पण तू बी मला एकदाच विचारलंस, अभिमन. आणि पहिल्या उत्तरावर थांबलास. दुसऱ्या कोणा फौजदाराच्या उत्तरावर तू थांबला असतास का?"



मी तुला जे सांगितलं ते लेखी परत सांगतो, म्हणजे माझ्या मनात काय आहे याबद्दल शंका नको. अपिलात नवा पुरावा घ्यावा असा अर्ज करता येतो. मी वकील म्हणून तो करू शकत नाही, कारण साक्षीदारच मी आहे. मला केस सोडावी लागेल. जळगावचे नूर महंमद वकील खंडपीठात अपिलं चालवतात, ते केस घ्यायला तयार आहेत. पण त्याआधी तू स्वतःहून प्रतिज्ञापत्र दे. चूक झाली, सही नंतर केली, हजर नव्हतो, एवढंच. स्वतःहून सांगणाऱ्याकडे खातं आणि कोर्ट वेगळ्या नजरेनं बघतात. मी तुझ्यासोबत उभा राहीन.

तू म्हणालास, "नोकरीची तीन वर्षं राहिलीत." मी म्हणालो, हिलालची किती राहिलीत ते कोणाला माहीत नाही. हे मी असं बोलायला नको होतं. तू टोपी उचलल्यासारखा हात केलास, टोपी नव्हती, आणि गेलास.

वहिनी काल आली होती. एकटीच, पारोळ्याच्या गाडीनं. बसायला सांगितलं तर बसली नाही. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्यास्ना भाऊ शेतस का त्या हिलालना वकील?" मी म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, "दोन्ही नही व्हता येस." हिनं दिलेलं पाणीही न पिता परत गेली.

मी वाट बघतो.

अभिमन


औरंगाबाद, २२ मार्च १९९०

ती. भाऊ,

तुझ्याकडून काही आलं नाही. काल अर्ज दाखल झाला. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे.

एकोणीस जानेवारी १९८७ रोजी सकाळी माझे थोरले बंधू भाईदास बडगुजर हे माझ्यासोबत एरंडोल येथे आईच्या दहाव्याला उपस्थित होते, असं मी शपथेवर लिहून दिलं. सही करताना नूर महंमद वकिलांनी खांद्यावर हात ठेवला. ते भल्या मनानं केलं त्यांनी, पण मला तो हात जड झाला.

तू आता निलंबित होशील. चौकशी लागेल. सुनंदाच्या सासरी कळेल. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी सही केली. मला हेही माहीत होतं की ही सही सव्वादोन वर्षांपूर्वी, फक्त एका प्रश्नाच्या रूपात, धुळ्याच्या कोर्टात करता आली असती. तेव्हा तू फार तर ताकीद घेऊन सुटला असतास. मी उशीर केला म्हणून तुझं नुकसान वाढलं आणि त्याचंही.

प्रतिज्ञापत्रात मी सगळं लिहिलंय. काही हातचं राखलं नाही.

अभिमन


धुळे, ३० सप्टेंबर १९९०

भाऊ,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

तुला ते परवाच कळलं असेल, कारण सरकारी वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र तुला वाचून दाखवलं. तरी मला माझ्या हातानं लिहू दे. त्यात चौथ्या परिच्छेदात असं आहे: 'पंचनाम्याची तारीख व आईच्या दहाव्याची तारीख एकच आहे ही बाब खटल्याच्या वेळी माझ्या लक्षात आली नव्हती. ती सप्टेंबर १९८९ मध्ये प्रथम लक्षात आली.' हे वाक्य मला कोणी घालायला सांगितलं नाही. नूर महंमद वकिलांना तर मी तसंच सांगितलं होतं, त्यांना आजही तेच खरं वाटतं. ते मी घातलं, कारण नाहीतर माझी सनद गेली असती. वकिलानं पक्षकाराचा बचाव माहीत असून दाबून ठेवला, याला दुसरी शिक्षा नाही. तुला बुडवताना मी स्वतःला कोरडं ठेवलं.

खंडपीठानं तुझी साक्ष धुळ्याच्याच कोर्टात नोंदवायला सांगितली, तेव्हा मी येऊ नये असं नूर महंमद म्हणाले. मी आलो. मागच्या बाकावर बसलो. तुझ्या अंगावर वर्दी नव्हती. केस पांढरे झालेत.

नूर महंमद वकिलांनी विचारलं, "एकोणीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता आपण कुठे होता?"

"एरंडोलला. आईच्या दहाव्याला."

"पंचनामा आपल्यासमोर झाला?"

"नाही."

"पहिल्या साक्षीत हजर होतो म्हणालात."

"खोटं बोललो."

एवढंच. हवालदाराचं नाव तू घेतलं नाहीस. तू खोटं बोलशील अशी मी तयारी करून आलो होतो. तू खरं बोललास तेव्हा मला बरं वाटलं नाही. आता तुझं कसं होणार हेच डोक्यात येत राहिलं.

मग सरकारी वकील उठले. त्यांना मला पाडायचं होतं. मी पडलो की माझं प्रतिज्ञापत्र पडतं. त्यांनी तो चौथा परिच्छेद वाचला आणि विचारलं, "तुमच्या भावाला ही गोष्ट खटल्याच्या वेळीच माहीत होती. बरोबर?"

माझी एप्रिल सत्त्याऐंशीची पत्रं तुझ्याजवळ आहेत. तू कागद फेकणारा माणूस नाहीस. तुला फक्त 'हो' म्हणायचं होतं. खरं तेच होतं, आणि ते बोलून तुझं ओझं थोडं तरी वाटलं गेलं असतं.

तू म्हणालास, "नाही. त्याला माहीत नव्हतं. त्यानं मला कधी विचारलं नाही."

सरकारी वकील पुन्हा म्हणाले, "शपथेवर आहात."

"माहीत आहे."

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. कठड्यावरून उतरलास, शिपायाला वाट दिलीस आणि बाहेर गेलास. मी मागे धावत आलो तोवर वहिनी आणि तू रिक्षात बसला होतात. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारली असती?

अभिमन


धुळे, २६ ऑगस्ट १९९१

भाऊ,

हिलाल सुटला. खंडपीठाचा निकाल नऊ तारखेचा. कागद जेलमध्ये पोचेपर्यंत आणखी आठवडा गेला. तुझ्यावर खोट्या साक्षीचा खटला भरायचाही आदेश त्यातच आहे, ते तुला कळलंच असेल. तू वकील लावणार नाहीस असं उडत उडत ऐकलं. खात्यानं तर तुला आधीच काढून टाकलंय. माझ्याविरुद्ध बार कौन्सिलकडे कोणीतरी तक्रार केली होती, ती गेल्या महिन्यात निकालात निघाली. कारण काय लिहिलंय सांगू? थोरल्या बंधूंच्या शपथेवरील साक्षीवरून संबंधित वकिलास सदर बाब ज्ञात नसल्याचे दिसून येते.

त्या एका ओळीवर माझी सनद राहिली. मी पुढे होऊन खरं सांगितलं तर तू दुसऱ्यांदा खोटी साक्ष दिलीस असं होतं. गप्प बसलो तर तुझ्या जिवावर काळा कोट घालून फिरायचं. बरेच दिवस मी यातून मार्ग शोधला. मार्ग नाही. शेवटी मी सनद परत केली. कारणाच्या जागी 'वैयक्तिक' लिहिलं. हिला खरं कारण सांगितलं, आणखी कोणालाही नाही. यानं तुझं काही भरून निघत नाही हे मला समजतं. पण मला रोज सकाळी तो कोट अंगावर चढवता येत नव्हता.

हिलालला आणायला नाशिकरोडला गेलो होतो. कमलबाई माझ्याआधीच येऊन फाटकासमोर बसली होती. तिनं नवं पातळ नेसलं होतं आणि डब्यात कळण्याची भाकरी आणली होती. तो बाहेर आला. ओळखू आला नाही मला. दात पडलेत, एक डोळा सारखा पाणावतो. कमलबाई रडली नाही. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चाल, गाडी चुकी."

मी पुढे झालो. काय बोलायचं ते गाडीत दहा वेळा ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. त्यानंच विचारलं.

"साहेब, मी सांगं तव्हय तुमले माहीत व्हतं ना?"

कोर्टात याचं उत्तर दोनदा खोटं गेलं होतं. एकदा माझ्या सहीनं, एकदा तुझ्या तोंडून. मी म्हणालो, "हो. तू सांगायच्या आधीपासून माहीत होतं."

"मंग इचारं काब नही?"

"तो माझा भाऊ आहे."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. शिवी देईल असं वाटलं. द्यावी असंही वाटलं. कमलबाई चार पावलं पुढे जाऊन थांबली होती.

"तो कोठे शे आते?" त्यानं विचारलं.

"एरंडोलला. घरी."

"मंग त्यानाकडे जा," हिलाल म्हणाला. "मन्हाकडे काब उनात?"

आणि तो गेला. मी त्यांना गाडीत बसवून द्यायलाही गेलो नाही. त्यानं तसं सांगितलंच होतं.

भाऊ, मी येत्या रविवारी एरंडोलला येतोय. क्षमा मागायला येत नाही. मागितली तर तू 'जाऊ दे' म्हणशील, आणि ते ऐकून मी सुटेन, आणि मला असं सुटायचं नाही. जे प्रश्न मी तेव्हा विचारले नाहीत ते आता विचारून उपयोग नाही. तुला मला काही विचारायचं असेल तर विचार. पहिल्या उत्तरावर थांबू नकोस.

वहिनी मला घरात घेणार नाही, हे मी धरून चाललोय. तिला म्हणावं, दार उघडायची गरज नाही. मी पलीकडे चक्कीवाल्याच्या पायरीवर बसेन आणि शेवटच्या गाडीनं परत जाईन. पुढच्या रविवारी परत येईन.

तुझा
अभिमन